वृद्धांच्या आहाराची पाहणी: वाटी, वजनकाटा आणि कालचा दिवस

घरात काय शिजलं हे विचारून कळतं. त्यातलं घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या पोटात किती गेलं, हे विचारून सहज कळत नाही, आणि पाहणी करायची ती त्याचीच. महिन्याचा किराणा माणशी भागून आलेला आकडा आजोबांच्या नावावर टाकला की पाहणी पहिल्याच पानावर फसते. सून सांगते, "सगळ्यांना एकच स्वयंपाक." ते खरंही असतं. पण त्याच स्वयंपाकातली भाकरी आजोबांना चावत नाही, मटकीची उसळ बाधते म्हणून ते घेत नाहीत आणि रात्री नुसत्या दूधभातावर भागवतात. 'कुटुंबाचा आहार' या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

पुढची पद्धत गावात किंवा शहरी वस्तीत पन्नास ते शंभर वृद्धांची पाहणी करणाऱ्या छोट्या गटासाठी आहे. गृहविज्ञान आणि समाजकार्याचे विद्यार्थी, आरोग्य संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ यांना ती झेपते.

आधीची तयारी

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे साठ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ. पण साठीतला शेतात जाणारा माणूस आणि पंच्याऐंशीची घरात बसून असलेली बाई एका सरासरीत घालू नका. ६० ते ६९, ७० ते ७९ आणि ८० च्या पुढचे असे तीन गट करा. स्त्री-पुरुष वेगळे ठेवा.

वय हीच पहिली अडचण. कागदावर १ जून किंवा १ जानेवारी दिसली, तर ती जन्मतारीख शाळामास्तरांनी किंवा नोंदणी करणाऱ्याने लिहिलेली असण्याचीच शक्यता जास्त. विचारून लिहिलेली वयं साठ, पासष्ट, सत्तर अशा गोल आकड्यांवर गोळा होतात. म्हणून घटनांवरून वय काढा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होता का? १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता का, की आईबरोबर नुसता जात होता? लग्न त्याच्या आधीचं की नंतरचं? पुणे परिसरात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर उपयोगी पडतो. अशा दोन-तीन खुणा जुळल्या की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने सापडतं, आणि तेवढं पुरतं.

संमतीपत्र मोठ्या टायपात छापा आणि वाचून दाखवा. अंगठा घेत असाल तर पाहणीशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीसाठी जबाबदार नातेवाइकाची संमती घ्या. तरीही त्या दिवशी ती व्यक्ती 'नको' म्हणाली तर उठून या. अभ्यास प्रसिद्ध करायचा असेल तर नीतिसमितीची मान्यता सुरुवातीलाच लागते. नंतर मिळत नाही.

सामान असं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पाच किलोचा स्वयंपाकघरातला काटा, माणसांचा डिजिटल काटा, न ताणणारी टेप, गुडघ्याची उंची मोजायला मोठा सरकता कॅलिपर (सुताराकडून लाकडी करून घेता येतो) आणि ठरावीक मापाच्या वाट्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेखाली १९७२ मध्ये सुरू झालेल्या पोषण-निरीक्षण यंत्रणेच्या पाहण्यांमध्ये बारा प्रमाणित भांड्यांचा संच वापरत. तुम्हाला सहा पुरतील. प्रत्येकात काठोकाठ पाणी भरून ते वजन करा आणि किती मिलिलिटर मावतं ते भांड्यावरच रंगवा. घरातल्या वाट्यांच्या मापात दुपटीचा फरक असतो, त्यामुळे 'दोन वाट्या' हे उत्तर तुमच्या वाटीशी ताडल्याशिवाय लिहू नका.

माणसाचं माप

वजनाच्या काट्याखाली फरशी किंवा फळी हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर काटा खोटं बोलतो. रोज सकाळी दहा किलोचं ओळखीचं वजन ठेवून तपासा. नऊवारी आणि पाचवारीच्या वजनात फरक असतो, म्हणून नेसणं कोणतं होतं ते लिहा आणि दुसऱ्या फेरीला शक्यतो तसंच असताना वजन घ्या.

उंचीत जास्त चुका होतात. पाठीला बाक आला की माणूस भिंतीला टेकून उभा राहतो, पण उंची कमी भरते आणि त्यामुळे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) फुगतो. अशा वेळी गुडघ्याची उंची घ्यावी: झोपवून किंवा बसवून, गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात, टाचेच्या तळापासून मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, गुडघ्याच्या वाटीच्या जरा मागे. मग

पुरुष: ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघ्याची उंची)
स्त्री: ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघ्याची उंची)

सगळं सेंटिमीटरमध्ये. ७२ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींची गुडघ्याची उंची ४४ सेंमी असेल तर अंदाजे उंची १४८ सेंमी येते आणि बीएमआय १९.१. त्याच आजी वाकून उभ्या राहिल्या आणि १४१ सेंमी भरल्या, तर बीएमआय २१.१ दिसतो. म्हणजे कुपोषणाच्या धोक्याकडे झुकलेली बाई कागदावर बरी दिसते. ही सूत्रं अमेरिकी वृद्धांवरून काढलेली आहेत, त्यामुळे एका व्यक्तीच्या आकड्याला फार चिकटू नका. गावात ताठ उभे राहू शकणाऱ्या दहा-पंधरा जणांची दोन्ही मापं घेऊन फरक किती पडतो ते आधी बघून ठेवा.

पोटरीचा घेर बसवून, पाय काटकोनात सोडून, सर्वांत जाड जागी घ्यावा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. त्याआधी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा. खळगा राहिला तर सूज आहे, आणि सुजलेल्या पोटरीचा घेर कुपोषण लपवतो. तो आकडा लिहा, पण शेजारी 'सूज' अशी खूण करा.

एमएनए (मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट) ही कुपोषण ओळखायची सहा प्रश्नांची छोटी चाचणी याला जोडून घ्या. तीन महिन्यांत खाणं कमी झालं का, वजन उतरलं का, हिंडणं-फिरणं कसं आहे, मोठा आजार किंवा मानसिक धक्का, विस्मरण किंवा खिन्नता, आणि शेवटी बीएमआय. गुण १४ पैकी: १२ ते १४ ठीक, ८ ते ११ धोक्याच्या काठावर, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. बीएमआय मिळतच नसेल तर पोटरीचा घेर चालतो. ३१ सेंमीपेक्षा कमी असेल तर शून्य, ३१ किंवा जास्त असेल तर तीन गुण. स्नायूंच्या क्षयासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दिलेली पोटरीची मर्यादा वेगळी आहे, पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३. दोन्ही आकडे एका तक्त्यात मिसळलेले अहवाल नेहमी दिसतात. वजन उतरल्याचा प्रश्न विचारताना "वजन कमी झालं का" यापेक्षा "पोलकं सैल झालं का, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, कमरेचा करगोटा ढिला झाला का" याला खरं उत्तर मिळतं.

कालचा दिवस

मुख्य साधन म्हणजे मागच्या चोवीस तासांतल्या खाण्याची आठवण. एका माणसाच्या तीन दिवसांच्या नोंदी घ्या, लागोपाठच्या नकोत; त्यात एक बाजाराचा किंवा रविवारचा दिवस असावा. तीन दिवसांचं जमत नसेल तर सगळ्यांची एकदा आणि किमान चौथा हिस्सा लोकांची दुसऱ्यांदा घ्या. एका दिवसाच्या नोंदीवरून गटाची सरासरी कळते, एका माणसाचं नेहमीचं खाणं कळत नाही. बी-१२ किंवा 'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर अजिबात नाही. अंडं किंवा शेवग्याचा पाला आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो आणि तो दिवस तुमच्या हाती लागेलच असं नाही.

हाक काय मारायची हेही आधी ठरवा. बासष्टच्या बाईंना 'आजी' म्हटलं की मुलाखतीचा सूर बिघडतो. मावशी किंवा काकू म्हणावं. पुढच्या क्रमाने विचारलं तर बरंच निघतं:

१. "काल सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?" इथून सुरुवात करून आज सकाळपर्यंत नुसती यादी. मध्ये मापं विचारू नका, आठवणीचा धागा तुटतो.
२. मग विसरलेल्या गोष्टी. चहासोबतचा टोस्ट, देवळातला प्रसाद, नातवाने न संपवलेला भात, औषधासोबतचं दूध, रात्री तोंड कोरडं पडलं म्हणून चघळलेला गूळ.
३. वेळा, आणि कोणाबरोबर जेवले. एकटं जेवणाऱ्याचं ताट वेगळं असतं.
४. आता मापं, तुमच्या वाट्या पुढे ठेवून. भात असेल तर शिजलेला भात वाटीत भरून दाखवायला सांगा. हवेत केलेली खूण घेऊ नका.
५. शेवटी यादी वाचून दाखवा. याच पायरीला "अगं हो, संध्याकाळी केळं खाल्लं होतं" निघतं.

'नेहमीचंच' आणि 'थोडंसं' ही दोन उत्तरं कागदावर उतरवू नका. "दूध घेता ना?" असं तर विचारूच नका, घरात दूध येत नसलं तरी लाजेने 'हो' येतं. सुनेसमोर सासू आणि सासूसमोर सून वेगळं बोलते. म्हणून पदार्थ कसा केला हे स्वयंपाक करणारीला विचारा आणि किती खाल्लं हे खाणाऱ्याला, दोन वेगळ्या कोपऱ्यांत. विस्मरण असेल तर आठवणीवर विसंबू नका. एक दिवस घरात बसून प्रत्यक्ष वजन करून नोंद घ्यावी लागते. पण त्यात एक मेख आहे. काटा घेऊन माणूस बसलाय म्हटल्यावर त्या दिवशी ताटात तूप येतं. पहिला दिवस सोडून द्या, दुसरा धरा.

तंबाखू, मिश्री, पान यांचीही नोंद ठेवा. मिश्री दिवसातून चार वेळा लावणाऱ्या बाईंची भूक मेलेली असते, आणि 'खायची इच्छा होत नाही' याचं कारण तिथेच सापडतं. पाणी किती तांबे, हेही. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून दुपारनंतर पाणी बंद करणारे वृद्ध बरेच असतात. उन्हाळ्यात हे धोक्याचं.

पातेल्यातून वाटीत

इथे बहुतेक पाहण्या चुकतात. 'आमटी एक वाटी' असं लिहिलं, आणि कोष्टकात डाळीचे आकडे लावले की आजींना भरपूर प्रथिनं मिळालेली दिसतात. प्रश्न असा की वाटीत डाळ किती होती?

रिकामं पातेलं आधी वजन करून घ्या. डाळ कच्ची असताना मोजा. समजा पाच जणांसाठी १२० ग्रॅम तूरडाळ घेतली. फोडणी देऊन, पाणी घालून तयार आमटी पातेल्याचं वजन वजा जाता १५०० ग्रॅम भरली. आजींनी १८० ग्रॅमची एक वाटी घेतली. मग त्यांच्या वाटणीची कच्ची डाळ = १२० × १८० ÷ १५०० = १४.४ ग्रॅम. तूरडाळीत प्रथिनं शंभर ग्रॅमला साधारण २१.७, म्हणजे त्या वाटीतून ३.१ ग्रॅम. वरचं पाणी घेतलं की तळातली घट्ट डाळ घेतली, हेही विचारा. दात नसलेली माणसं वरचं पातळ घेतात, तेव्हा ३.१ हाही आकडा जास्तच.

भाकरीला सोपी युक्ती आहे. पिठाचा डबा स्वयंपाकाच्या आधी आणि नंतर वजन करा, भाकऱ्या मोजा. ४५० ग्रॅम पीठ गेलं, पाच भाकऱ्या झाल्या, तर भाकरीला ९० ग्रॅम. परातीत उरलेलं पीठ वजा करायचं विसरू नका. तव्यावरून उतरलेली भाकरी वजन करून तिलाच पिठाचे आकडे लावणं चूक, कारण तिच्यात पाणी आहे. तेलाचं मात्र पळीवरून काही खरं कळत नाही. घरात महिन्याला किती तेल संपतं ते विचारा, जेवणाऱ्या माणसांत वाटा, आणि तळलेलं कोण खातं ते बघून आजींचा वाटा कमी करा. आधी टीका केलेली भागाकाराची पद्धत इथे वापरावी लागते. तेलापुरती ती चालवून घ्यावी.

हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टकं वापरा. त्यांत ५२८ पदार्थ आहेत. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आकडे शंभर ग्रॅम खाण्याजोग्या कच्च्या भागाचे आहेत. मटाराच्या शेंगा किंवा केळं सालीसकट वजन केलं असेल तर आधी टाकाऊ भाग वजा करा. आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ज्वारीसमोरचा १३९८ हा आकडा किलोकॅलरी समजून घेतला तर आजींनी पैलवानाचा खुराक घेतल्याचं दिसेल, ४.१८४ ने भागा, ३३४ येतात. जुन्या पुस्तकात किलोकॅलरी असायच्या, म्हणून दोन्ही कोष्टकं एकाच गणितात मिसळली की हा घोळ होतो.

वरच्याच ४२ किलोच्या आजींचा एक दिवस मांडून बघा. एक भाकरी (९० ग्रॅम पीठ), ४० ग्रॅम तांदळाचा भात, दोन वेळा मिळून २८.८ ग्रॅम डाळ, तीन चहांत १५० मिलि. गाईचं दूध आणि ३० ग्रॅम साखर, १५ ग्रॅम तेल, वाटीभर भाजी. बेरीज सुमारे ९३० किलोकॅलरी, प्रथिनं २५ ग्रॅम. साखरेच्या १२० आणि तेलाच्या १३५ किलोकॅलरींत प्रथिनांचा कणही नाही.

हा आकडा लगेच अहवालात घालू नका. आधी नुसतं जिवंत राहायला लागणारी ऊर्जा काढा. साठीपुढच्या पुरुषांना ११.७११ × वजन + ५८७.७, स्त्रियांना ९.०८२ × वजन + ६५८.५. आजींची १०४० येते. नोंदवलेलं खाणं त्याहून कमी आहे. म्हणजे एक तर काही सांगायचं राहिलं, किंवा तो दिवस आजारपणाचा वा उपवासाचा होता, किंवा खरोखरच वजन उतरतंय. परत जा. वजन महिन्याभरात तेवढंच असेल तर नोंदीतून काही खाणं सुटलंय, चार बिस्किटं आणि दुपारचा मूठभर शेंगदाणा शोधा. वजन घटलेलं असेल तर आकडा खरा आहे आणि प्रकरण गंभीर.

तुलना कशाशी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांना प्रथिनं किलोमागे ०.८३ ग्रॅम, आजींना ३५ ग्रॅम. हा आकडा जवळजवळ सगळ्या निरोगी माणसांची गरज भागेल असा मुद्दाम वर धरलेला आहे. 'इतके टक्के लोकांना प्रथिनं कमी पडतात' असं गटाबद्दल म्हणायचं तर सरासरी गरजेचा आकडा, म्हणजे ०.६६, लावायला हवा. शिफारशीच्या आकड्याशी तुलना केली तर गावातले निम्मे लोक विनाकारण कुपोषित ठरतात. दुसरीकडे, वृद्धांसाठी ०.८३ पुरत नाही, १ ते १.२ ग्रॅम हवेत असं युरोपीय तज्ज्ञगटांनी २०१३-१४ पासून मांडलं आहे. तिन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. अहवालात कोणता वापरला ते स्पष्ट लिहा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना यातला एकही परस्पर लावू नका.

ज्या गोष्टी आकड्यांत येत नाहीत

उपवास. दोन एकादश्या, एक संकष्टी, शिवाय सोमवार आणि गुरुवार धरणाऱ्या बाईंचे महिन्यातले अकरा-बारा दिवस उपवासाचे होतात. उपवासाचा दिवस आला म्हणून नोंद टाकून देऊ नका. तो महिन्याचा तिसरा हिस्सा आहे. कॅलेंडर पुढे ठेवून उपवासाचे दिवस मोजा आणि दोन्ही प्रकारच्या दिवसांची सरासरी त्या प्रमाणात काढा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची, म्हणून कूट किती पडला ते वेगळं मोजा. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडलं जातं. पाहणी श्रावणात केली तर वर्षाचं चित्र समजू नका.

पाळी. आई दोन महिने एका मुलाकडे, दोन महिने दुसऱ्याकडे असेल तर तिचा आहार घराबरोबर बदलतो. 'सध्या कोणाकडे आणि कधीपासून' हा रकाना छापील फॉर्मात सहसा नसतो, तो घाला.

दात. "कवळी आहे का" एवढ्यावर थांबू नका. जेवताना लावता का, ते विचारा. बऱ्याच कवळ्या लग्नकार्यापुरत्याच डबीतून बाहेर येतात.

औषधं. गोळ्यांची पिशवीच मागून घ्या आणि नावं उतरवून घ्या. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ कमी पडू शकतं, आणि शाकाहारी व्यक्तीत ते लवकर जाणवतं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्याला पाहणीच्या उत्साहात "पालेभाजी वाढवा" असं सांगू नका. पालेभाजीचं प्रमाण अचानक बदललं की गोळीचा परिणाम बदलतो.

एमएनएचे गुण ७ किंवा कमी आले, किंवा तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन उतरलं असेल, तर अहवाल छापून होण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी कुटुंबाला सांगा, वजन, पोटरीचा घेर आणि गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाला भेटायचं तेही त्यावर लिहा. तो कागद आजींच्या हातात द्यायचा की मुलाच्या, हे मुलाखतीच्या वेळीच त्यांना विचारून ठेवलेलं बरं.